हरलेल्यांची वरात

व्हिडिओ एकूण सदतीस सेकंदांचा होता आणि त्यात जमशेद शेवटच्या अकरा सेकंदांत दिसत होता. शेजारच्या मोबाइल दुकानातला अमान तो दाखवायला मोठ्या कौतुकानं आला होता. "चाचा, तुमी त फेमस झाले," म्हणाला, आणि समोरच्या पाटावर फोन उभा करून बाजूला राहिला. ताशे मढवायच्या आपल्या दुकानात जमशेदचे दोन्ही हात ओल्या कातड्यात होते. बकऱ्याचं कातडं भिजवून ताशावर चढवायचं, तर ते ओलं असतानाच चहूबाजूंनी ओढून बांधावं लागतं, मध्येच सोडून चालत नाही. म्हणून त्यानं दोरी दातात धरली आणि मान वाकवून पाहिलं. मानोऱ्याचं मैदान होतं, गेल्या रविवारचं. बॉल जाळीत गेलेला होता, सहावा, आणि मानोऱ्याची पोरं रेषेच्या आत येऊन नाचत होती. कशावर नाचत होती ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. ती त्याच्याच ताशावर नाचत होती. एकाला डोक्यावर रुमाल बांधून नवरदेव केलं होतं, दुसरा त्याच्यापुढे कमरेत वाकून लोळण घ्यायच्या बेतात होता, पण ठेका मात्र अचूक, जिथं पडायचा तिथंच पाय पडत होता. मग फोन धरणाऱ्यानं फोन फिरवला आणि जाळीमागे, विझत आलेल्या जाळाशेजारी बसलेला पिकल्या दाढीचा एक माणूस दिसला, डोळे घट्ट मिटून वाजवणारा. खाली अक्षरं होती: हरलेल्यांची वरात. पुढे हसणारे पिवळे चेहरे. इतकंच असतं तर जमशेदनं सोडून दिलं असतं, कारण लग्नात वाजवणाऱ्याला लोकांचं हसणं काही नवं नसतं. पण त्या माणसाच्या समोर, जाळीच्या आत, गोलकीपरच्या शर्टातला त्याचा भाचा खालिद उभा होता. त्याची पाठ मैदानाकडे होती. त्यानं हातमोज्यातला पंजा मामूकडे करून वर धरला होता. थांबा. एकदा धरला, पुन्हा एकदा धरला, मग हात तसाच खाली सोडून तो बॉल उचलायला वाकला. मिटल्या डोळ्यांचा माणूस वाजवतच राहिला.

अमाननं व्हिडिओ पुन्हा लावला. तो हसत होता, पण त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. दहा हजार लोकांनी पाहिलेला माणूस म्हणजे त्याच्या हिशेबी मोठाच माणूस. त्याच्या अंगात कुठल्याशा विलायती क्लबचा लाल शर्ट होता. मागच्या वर्षी पांढरा होता, त्याच्या आदल्या वर्षी निळा. जमशेदनं एकदा त्याला विचारलं होतं, बाबा, तुझी टीम नेमकी कोणती? तर तो म्हणाला होता, चाचा, जी जिंकून राह्यली ती. तेव्हा जमशेदला त्याची कीव आली होती. आज तो लाल शर्ट बघताना कीव आली नाही. निदान या पोराचं प्रेम कुणाला टोचत तरी नाही, असं वाटून गेलं, आणि असं वाटलं याचंच वाईट वाटलं. अमान दुकानात परतला तेव्हा जमशेदच्या ध्यानात आलं की दातातली दोरी कधीच सुटली आहे. कातडं एका बाजूनं आकसून सुरकुतलं होतं. आता ते पुन्हा भिजत घालायचं आणि उद्या पहिल्यापासून सुरुवात करायची.

ताशेवाल्याचा एक कायदा असतो. जमशेदला तो त्याच्या अब्बांनी बोटं सुजेपर्यंत शिकवला होता: वरात निघाली की दारात पोचेपर्यंत हात थांबवायचा नाही. रस्त्यात भांडण लागो, दिवे जावोत, नवरदेव घोड्यावरून पडो. शिरपूरच्या एका लग्नात नवरदेव खरोखरच पडला होता, चांगला उताणा, आणि अब्बांनी ठेका इतका सफाईनं चढवला की लोकांना वाटलं, पडणंही ठरलेलंच असेल. ठेका तुटला की वरातीचा नुसता रस्ता होतो, लोकांना आपापले पाय दुखायला लागतात, असं अब्बा म्हणायचे. हा कायदा जमशेदनं कुणाला न विचारता फुटबॉलला लावला. हिलाल स्पोर्टिंग हा वाशिममधल्या त्याच्या मोहल्ल्याचा क्लब. मोरपंखी शर्ट, छातीवर चंद्रकोर. पहिली शिट्टी झाली की ताशा सुरू, शेवटची झाली की बंद; मधे काय घडतं ते त्याच्या हातांच्या अखत्यारीत नव्हतं. क्लबनं अकोल्याहून ढाल जिंकून आणली त्या वर्षी मॅचला तीन टेम्पो भरून माणसं जायची आणि टपावरही बसायची. मग हरणं सुरू झालं. चांगले खेळणारे कामाला बाहेर गेले, मैदानाच्या अर्ध्या भागात कार्यालयाची भिंत उठली. तीन टेम्पोंचा एक झाला, एकाच्या चार मोटारसायकली झाल्या, आणि गेली दोन वर्षं टीमच्या गाडीत टीमशिवाय एकच माणूस असायचा, मांडीवर तांब्याचा ताशा आणि पायाशी रद्दी पेपरचं गाठोडं घेऊन. पेपर जाळ करायला. ताशाचं कातडं गार पडलं की आवाज बसतो, त्याला दर दहा मिनिटांनी जाळ दाखवावा लागतो. इतर गावचे वाजवणारे समोरच्या टीमच्या गोलमागे बसून गोंगाट करतात, त्यांच्या कीपरचं लक्ष उडावं म्हणून. जमशेद आपल्याच गोलमागे बसायचा. हाफटाइमला खालिद या टोकाकडून त्या टोकाला जायचा आणि त्याच्यामागून ताशा, गाठोडं, काडेपेटी असा सगळा संसार उचलून जमशेदही जायचा. याचा त्याला गर्व होता, खोटं कशाला बोला. जिंकणाऱ्याच्या मागे कुणीही उभं राहतं, हे तो लोकांना इतक्यांदा ऐकवायचा की लोक त्याला पाहून रस्ता बदलायचे.

खालिद पाच दिवस घरी राहायला आला नव्हता. तो जमशेदच्या बहिणीचा, अफ्रीनचा मुलगा. ती गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता. बापानं वर्षाच्या आत दुसरं घर मांडलं आणि पोरगा मामूकडे राहिला तो राहिलाच. आता सव्वीस वर्षांचा होता, फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. गेल्या रविवारी सहा गोल खाऊन परतताना तो गाडीत खिडकीशी बसला होता आणि जमशेदनं त्याच्या पाठीवर थोपटून म्हटलं होतं की हार-जीत त चालतेच बेटा, मोहल्ल्याचा ताशा काही बंद नाही पडला. वाशिमच्या नाक्यावर खालिद उतरला आणि मागे न बघता गेला. दोस्ताकडे राहतो आहे असं कळलं. जमशेदला वाटलं, हरण्याचा राग आहे, उतरेल. बुधवारी जमशेद घरी नसताना तो आला, दोन जोड कपडे घेऊन गेला, आणि मामीला, ताजबीला, एवढंच सांगून गेला की पुण्यात काम मिळालंय, मंगळवारी निघतो, रविवारची मॅच शेवटची. ताजबीनं ते जमशेदला तीन वेगवेगळ्या वेळी तीन तुकड्यांत सांगितलं, एकदम सांगितलं तर त्याला झेपणार नाही अशा बेतानं. तेव्हापासून जमशेद स्वतःशी एकच गोष्ट घोळवत होता: पोरगं जातंय ते टीम हरते म्हणून, की काम मिळालं म्हणून. आज सदतीस सेकंदांत तिसरंच कारण समोर आलं. हात धुऊन तो दुकानाच्या पायरीवर बसला. समोरून ऊसाच्या रसाची गाडी गेली, घुंगरू वाजवत. त्या घुंगरांवर आपली बोटं गुडघ्यावर चालताहेत, हे त्याला गाडी वळल्यावर कळलं.

बोटांची ही खोड जुनी होती. अफ्रीनचा जनाजा निघाला त्या दुपारी अंगणात इतकी शांतता होती की कुणाच्या चपलेची वादी तुटली तेही ऐकू आलं. अशा वेळी वाजवायचं नसतं, हे जमशेदला कुणी सांगायला नको होतं. पण ज्या घरातून तिची वरात त्यानं स्वतः वाजवत नेली होती, त्याच दारातून ती निघाली होती आणि त्याच्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. भिंतीला टेकून तो उभा होता. रडू येत नव्हतं. बोटं मात्र मांडीवर चालायला लागली होती, अगदी बारीक, विजारीच्या कापडावर, तिच्या लग्नातलाच ठेका. त्याला ते माहीतही नव्हतं. मग कुणीतरी त्याच्या हातावर हात ठेवला. लहान, घामेजलेला हात. खालिद त्याच्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता. पण हात त्यानं घट्ट दाबून धरला, बोटं थांबेपर्यंत. त्या दिवसापासून पोरगा आपला झाला, असं जमशेद पुढे लोकांना सांगायचा, पण का झाला ते कधी सांगायचा नाही. आता ते सारखं आठवत राहिलं. नऊ वर्षांचं पोर हातावर हात ठेवून थांब म्हणू शकलं आणि आपण थांबलो. सव्वीस वर्षांच्या पोरानं अख्ख्या मैदानासमोर पंजा वर केला आणि आपण डोळे मिटून होतो.

डोळे मिटायची सवय मात्र जुनी नव्हती, आणि इथं जमशेदचं मन अडखळलं. धुरामुळे मिटतो असं तो सांगायचा. पण धूर तर ढाल जिंकली तेव्हाही होता, आणि त्या मॅचचा एकेक गोल त्याला आजही दिसतो, कुणाच्या कुठल्या पायानं गेला तो. गेल्या दोन वर्षांतला एकही दिसत नव्हता. आठवायला बसलं की नुसता ठेका ऐकू येई आणि पापण्यांमागचा जाळाचा तांबूस उजेड. म्हणजे गोल होताना त्याला बघवत नव्हतं. लोक मैदान सोडून गेले आणि तो मैदानात बसून गेला, इतकाच काय तो फरक. जे सोडून गेले ते निदान खोटं तरी बोलले नाहीत. हा विचार आला तसा तो पायरीवरून उठला, दुकानाची झडप ओढली आणि भर दुपारी घरी गेला. ताजबीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तिला ते सदतीस सेकंद माहीत होते. सगळ्यांनाच माहीत असावेत.

शनिवारी जऊळक्याहून जानराव आला. जानराव शेतकरी, जमशेदच्याच वयाचा, आणि हिलालचा एके काळचा सगळ्यात मोठा आवाज. मॅच असली की सकाळच्या गाडीनं यायचा, टपावर बसणाऱ्यांत पहिला असायचा. चार वर्षांपूर्वी त्यानं येणं बंद केलं. दोघं वर्षभर बोलत नव्हते. मग बोलायला लागले, पण फुटबॉलवर नाही. आज स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहा घेताना जमशेदनंच व्हिडिओचं काढलं. जानरावनं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या. तो हसेल अशी जमशेदला धास्ती होती. तो हसला नाही. त्यानं उलट विचारलं की मी यायचा बंद झालो तेव्हा तुला काय वाटलं होतं. जमशेद म्हणाला, वाटलं की तू गद्दार आहेस. जानरावनं मान हलवली, ते त्याला मान्य असावं.

"मले बघवलं नाई जमशेदभाऊ. तुले बघवलं?" तो म्हणाला. "अन् एक सांगू का. वावरातलं सोयाबीन गेलं, त आपन तिथी बँड लावतो का? बांधावर जाऊन बसतो. बोलत बी नाई. निस्तं बसनं बी असते ना बापा."

हे जमशेदला पटलं. इतकं पटलं की आपल्याला आजवर कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. बांधावर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, डोळे उघडे ठेवायचे. पोरानं मागितलं ते द्यायचं, शेवटच्या मॅचला तरी. जानराव, तू येतोस का, असं त्यानं विचारलं, तर जानराव म्हणाला की नाही, मले अजूनही बघवणार नाही, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठला. पण जाताना त्यानं जमशेदचा खांदा क्षणभर धरून ठेवला.

रविवारी सकाळी ताजबीनं ताशा फडक्यात बांधून दाराशी आणून ठेवला होता, वर पेपरचं गाठोडं. जमशेदनं तो उचलून पुन्हा खुंटीला लावला. "ताशा नाई नेत का?" तिनं विचारलं. नाही, तो म्हणाला. ती म्हणाली, "पोट्ट्याले काय म्हनाचं ते म्हनू द्या, तुमी घेऊन जा." त्याला राग आला. सगळा मोहल्ला हसतोय, पोरगा घर सोडून बसलाय, आणि हिला ताशाची पडलीय. तो चपला घालून निघाला. टीमच्या गाडीत आज त्याला जायचं नव्हतं. त्यानं एसटी धरली, मंगरुळपीरला बदलली. दोन्ही वेळा बसल्यावर मांडी मोकळी मोकळी वाटली. पंचेचाळीस वर्षं तिथं ओझं असायचं. खिडकीबाहेर तुरीची शेतं पिवळी पडली होती, काही ठिकाणी कापणी चालली होती. कुडत्याच्या खिशात काहीतरी बोचलं म्हणून त्यानं हात घातला, तर ताशाच्या दोन काड्या. त्या तिथंच असतात, बारा महिने. काढायचं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या बाहेर टाकाव्यात असं एकदा मनात आलं. त्यानं त्या खिशातच ठेवल्या.

मॅच कारंज्याच्या टीमशी होती, पण मैदान मानोऱ्याचं आणि बघणारेही मानोऱ्याचे. आसपासच्या तांड्यांवरनं आलेली माणसं कापसाच्या मोकळ्या ट्रॉल्यांवर उभी होती. जमशेद खालिदच्या गोलमागे, नेहमीच्या जागी जाऊन बसला. गेल्या रविवारच्या जाळाची काळी खूण अजून तिथं होती. खालिद जाळीत आला, दोन्ही खांबांना हात लावले, आणि वळला. त्यानं मामूकडे पाहिलं. मग मामूच्या मोकळ्या मांडीकडे. तिथं त्याची नजर बरीच रेंगाळली, आणि जमशेदला वाटलं, कळलं पोराला. त्यानं हलकेच मान हलवली. खालिदनं तोंड फिरवलं. शिट्टी झाली. ताशाविना सुरू झालेली हिलालची ही कित्येक वर्षांतली पहिली मॅच असेल. जमशेदनं हात मांडीवर उपडे ठेवले आणि बघायला लागला, खरोखर बघायला. पोरं वाईट खेळत नव्हती. दमत होती. मधल्या फळीतला एक तर लंगडत होता आणि तरी धावत होता. हे त्याला दोन वर्षं माहीत नव्हतं. अकराव्या मिनिटाला पहिला गोल झाला, आणि तो त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिला: बॉल खालिदच्या बोटांना घासून गेला, अगदी बोटांच्या पेरांना.

आणि मग त्याला ऐकू आलं. "दरवाजा! अरे दरवाजा लावा रे कोनी!" ट्रॉलीवरून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या कडेला हशा पसरला. जमशेदला आधी कळेना, कोणता दरवाजा. मग खालिदनं बॉल धरला तरी तेच ओरडले, सोडला तरी तेच. ते त्याचं नाव होतं. नवं नव्हतं, लहान लहान पोरांच्या तोंडात घट्ट बसलेलं होतं, म्हणजे वर्षा-दोन वर्षांचं तरी असणार. आणखीही होतं. बांगड्या होत्या, मेहंदी होती. खालिद ते ऐकत होता. जाळीला लागूनच माणसं उभी होती, न ऐकून करतो काय. प्रत्येक ओरडण्यावर त्याची मान किंचित आत जात होती, आणि बॉल मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असला तरी तो हातमोजे काढत होता आणि घालत होता. दुसरा गोल त्याच्या पायांमधून गेला. इतकी वर्षं तो याच जागी बसत होता आणि यातलं एक अक्षर त्याच्या कानावर पडलं नव्हतं. कसं पडणार? तापलेल्या ताशाच्या पाच हातांत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्याला ऐकू आलं नाही, आणि त्याच्यापुढे पाच हातांवर उभ्या असलेल्यालाही आलं नसणार, निदान सगळं तर नाहीच. हाफटाइमला जागा बदलताना तो मागोमाग जायचा, हे त्याला आठवलं. गोलमागचा तो गोंगाट कुणाला जोर यावा म्हणून उपयोगाचा नव्हता. त्याच्या आडोशाला एक माणूस उभा राहू शकत होता, इतकाच त्याचा उपयोग. गेल्या रविवारी त्याच ठेक्यावर लोक नाचले आणि तोही आडोसा पोराला काचला, म्हणून त्यानं पंजा वर केला. आणि मामूनं काय केलं, तर आडोसाच काढून घेतला. जानरावचा बांध मनुष्यवस्तीपासून लांब असतो, तिथं कुणी ओरडत नाही.

हाफटाइमनंतर तो पलीकडच्या गोलमागे गेला तेव्हा त्याच्या मागेच मोटारसायकलीवर बसलेले दोघं वाशिमचे निघाले, त्याच्याच मोहल्ल्याचे, एके काळी टपावर बसणारे. त्यांनी जमशेदला पाहिलं नव्हतं, किंवा पाहूनही काही वाटलं नव्हतं. तिसरा गोल झाला. त्यातला एक सहज, घरच्यासारख्या आवाजात म्हणाला, "ताशेवाल्याचा भाचा हाय म्हनून गोलमदी हाय, नाई त याले कोन घेते." आणि खालिद, जो मानोऱ्याच्या एकाही शिवीला वळला नव्हता, तो वळला. त्यानं त्या माणसाकडे पाहिलं, मग मामूकडे. त्याचा चेहरा सव्वीस वर्षांचा दिसत नव्हता. जमशेद उठला. तांब्याचा ताशा घरी खुंटीवर होता आणि त्याचं कातडं एव्हाना गार पडून सैल झालेलं असणार. गोलमागे खेळाडूंच्या पाण्याचा जार होता, निळा, प्लास्टिकचा, रिकामा. त्यानं तो उपडा केला, गुडघ्यांत धरला, खिशातल्या काड्या काढल्या आणि वाजवायला लागला. काय तो आवाज. ढब ढब, पोकळ, बुळबुळीत, काडी उडतच नव्हती. ट्रॉलीवरनं कुणीतरी ओळखलं, "अरे वरातवाला! तोच हाय!" आणि सगळी कड त्याच्याकडे फिरली. फोन वर झाले. कुणी विचारलं, चाचा, ताशा विकून खाल्ला का. मोटारसायकलीवरचे दोघंही हसले. जमशेदला शरम वाटली, चांगली मानेपासून वर चढत गेली, कारण पंचेचाळीस वर्षांत त्यानं असं वाईट कधी वाजवलं नव्हतं. पण दरवाजा कुणी म्हणत नव्हतं. सगळे जमशेदकडे बघून हसत होते. त्यानं काड्या आणखी जोरात मारल्या.

डोळे त्यानं मिटले नाहीत. चौथा गोल झाला तो त्यानं पाहिला. खालिद बॉल उचलायला जाळीत आला, दोन हातांवर आला, वाकला, आणि वाकल्या वाकल्या म्हणाला, "ताशा काहून नाई आनला मामू?" उत्तराला थांबला नाही. बॉल मधे फेकून दिला, खांबांना हात लावले, उभा राहिला. पंजा वर केला नाही. त्याची मान सरळ झाली असंही काही नाही. पण त्यानं हातमोजे काढणं-घालणं थांबवलं होतं. त्यानंतर एक बॉल त्यानं आडवी उडी घेऊन अडवला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत, कारण बघत कुणी नव्हतं, सगळे जारवाल्याला बघत होते. जमशेदनं बघितला. जार एका ठिकाणी तडकला. बोटाला आलेला फोड फुटून काडी ओली लागायला लागली होती. मैदानाच्या पलीकडे ऊन उतरत होतं आणि पंच घड्याळ बघत होता, हेही त्याला दिसलं.

शेवटची शिट्टी त्यानं ऐकली. स्पष्ट ऐकली, तीन वेळा. कायद्यानं हात तिथंच थांबायला हवे होते. ते थांबले नाहीत. वरात दारात पोचली होती, आणि दारातून आत गेलं की मंगळवार होता, पुण्याची बस होती, खुंटीवरचा ताशा होता आणि ताजबी तीन तुकड्यांत जेवायला बोलावणार होती. मोरपंखी शर्टातली पोरं एकमेकांकडे न बघता गाडीकडे निघाली. लोक ट्रॉल्यांवरून उतरले, त्यांचं हसून झालं होतं. फोन खिशात गेले. मोटारसायकल सुरू होऊन गेली. रिकाम्या मैदानात ते ढब ढब फारच विचित्र वाटत होतं, त्यालाही वाटत होतं. खालिद जाळीला वळसा घालून आला आणि त्याच्यासमोर मातीत बसला. हातमोजे घातलेलेच होते. त्यानं मामूच्या दोन्ही हातांवर आपले दोन्ही पंजे ठेवले, काड्यांसकट.

"झाली मॅच," तो म्हणाला.

"आयकली शिट्टी म्या."

"मंगळवारी जातोच मी मामू."

"जाजो."

काड्या गळून पडल्या. हातमोज्यांच्या जाड रबराखाली जमशेदची बोटं चालतच होती, बारीक, जारच्या तडकलेल्या बुडावर, कुठला ठेका ते त्यालाही सांगता आलं नसतं. खालिद दाराकडे बघावं तसा मैदानाच्या फाटकाकडे बघत होता. त्यानं हात काढले नाहीत, आणि या वेळी दाबलेही नाहीत.